ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली, आता मॉर्गेज, सॉलिसिटर आणि भारतातले कागद: तयारीची यादी

हे फक्त इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्यांसाठी लिहितेय. स्कॉटलंडची पद्धतच वेगळी आहे, आणि वेल्समध्ये बाकी बरंचसं सारखं असलं तरी स्टँप ड्यूटीच्या जागी वेगळा टॅक्स आहे, त्यामुळे तिकडच्यांनी खालचे आकडे धरू नका.

एजंटचा फोन आला की ऑफर घेतली, की आपल्याकडे लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो जातात आणि मावशी वास्तुशांतीची तारीख विचारते. जरा थांबा. आपल्याकडे विसार दिला की निदान काहीतरी कागद हातात येतो, इथे ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर कायद्याने काहीही झालेलं नसतं, सगळं "सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट" असतं, आणि काँट्रॅक्ट एक्सचेंज (सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, इथून दोघंही बांधील) होईपर्यंत विकणारा दुसऱ्या कोणाची जास्तीची ऑफर घेऊन मोकळा होऊ शकतो. तुम्हीही मागे फिरू शकता, पण तोवर सर्व्हे (घराची तपासणी) आणि सर्चेसवर (घराबद्दल कौन्सिल वगैरेकडून मागवायची माहिती) घातलेले पैसे गेले ते गेले. म्हणून पहिलं काम, त्याच दिवशी एजंटला ईमेल टाका की आता घर मार्केटवरून काढा आणि नवीन व्ह्यूइंग घेऊ नका. फोनवर बोललात तरी ईमेल टाकाच.

त्यानंतर सगळे मॉर्गेजच्या रेटमागे धावतात. माझं मत थोडं वेगळं आहे, आपल्यासारख्यांचं काम रेटवर अडत नाही, अडतं ते पैसे कुठून आले आणि भारतात कोणाच्या नावावर काय आहे यावर. ते कागद जमवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि ते सगळ्यात शेवटी मागितले जातात, म्हणून आपण सगळ्यात आधी काढायचे.

सॉलिसिटरपासून, म्हणजे घराचे कायदेशीर कागद बघणाऱ्या वकिलापासून सुरू करा, कारण एजंट दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरची नावं घालून मेमोरँडम ऑफ सेल (ठरलेल्या व्यवहाराची नोंद) काढतो आणि तुमचं नाव दिलंत की तो कागद पुढे सरकतो. एजंट म्हणेल आमचेच घ्या, काम फास्ट होतं. घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती अजिबात नाही, आणि त्या शिफारशीमागे बऱ्याचदा रेफरल फी असते. सॉलिसिटर असेल तर एसआरएकडे आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरखरेदीचं कायदेशीर काम करणारा) असेल तर सीएलसीकडे, म्हणजे त्यांच्या त्यांच्या नियामक संस्थेकडे नोंद आहे का ते त्यांच्या साइटवर बघा, आणि तुमचा लेंडर (कर्ज देणारी बँक) ज्यांच्याबरोबर काम करतो त्या पॅनलवर ती फर्म आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा, नाहीतर लेंडरसाठी वेगळा वकील आणि त्याचा वेगळा खर्च. दोनतीन कोट मागवा, पण वरचा मोठा आकडा बघून भुलू नका, खालच्या ओळी वाचा: सर्चेस, लँड रजिस्ट्रीची फी, आयडी चेक, बँक ट्रान्सफर, लीजहोल्ड (ठराविक वर्षांच्या लीजवरचं घर) असेल तर जादा, आणि गिफ्टेड डिपॉझिट (कोणी भेट दिलेले डिपॉझिटचे पैसे) असेल तर त्याचेही जादा. परदेशातून पैसे येणार असतील तर त्याचा चार्ज वेगळा लागतो का हेही आत्ताच विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा, की माझी फाइल नेमकं कोण बघणार आणि ती व्यक्ती फोन उचलते का. स्वस्तातली फर्म घेऊन आठवडाभर नुसते ऑटोमॅटिक रिप्लाय खाण्यापेक्षा थोडे पैसे जास्त गेलेले बरे.

आता मॉर्गेज. तुमच्याकडे एग्रीमेंट इन प्रिन्सिपल आधीपासून असेलच, पण ते म्हणजे लोन मंजूर नव्हे, लेंडरने वरवर बघून दिलेला अंदाज आहे, आणि त्यालाही मुदत असते. पूर्ण अ‍ॅप्लिकेशन आता करायचं. ब्रोकर घेतलात तर तो एफसीएच्या (आर्थिक सेवांची नियामक संस्था) रजिस्टरवर आहे का ते बघा, फी घेतो की लेंडरकडून कमिशन घेतो की दोन्ही ते विचारा, आणि मुख्य म्हणजे त्याला पहिल्याच फोनवर तुमचा व्हिसा कोणता आणि किती शिल्लक आहे ते सांगून टाका. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) असेल तर फार प्रश्न नाही, पण स्किल्ड वर्कर व्हिसावर लेंडरप्रमाणे नियम बदलतात, कोणी जास्त डिपॉझिट मागतो, कोणी इथे ठराविक काळ राहिलेलं असणं मागतो. अशा वेळी ब्रोकरचा खरा उपयोग होतो. तीन महिन्यांच्या पेस्लिप, पी६० (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा कागद), तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पासपोर्ट, ईव्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन पडताळायचा कोड), पत्त्याचा पुरावा, हे एका फोल्डरमध्ये ठेवा. स्वतःचा धंदा किंवा काँट्रॅक्टिंग असेल तर एसए३०२ आणि टॅक्स इयर ओव्हरव्ह्यू (उत्पन्न आणि टॅक्स दाखवणारे कागद), बहुतेक जण दोन वर्षांचे मागतात. भारतातल्या बँकेच्या पीडीएफला पासवर्ड असतो, तो काढून सेव्ह करा, नाहीतर अपलोड झाल्यावर पलीकडे कोणाला उघडतच नाही आणि चार दिवसांनी पुन्हा तोच मेल येतो.

नावांचं प्रकरण आपल्याकडे खास आहे. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, पेस्लिपवर ते गायब, भारतातल्या एफडीवर माहेरचं आडनाव, आणि आईच्या खात्यावर स्पेलिंगच वेगळं. हे सगळं एकच माणूस आहे हे दाखवणारा कागद, मॅरेज सर्टिफिकेट किंवा नावबदलाचं गॅझेट, आधीच काढून ठेवा.

क्रेडिट रिपोर्ट एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन तिन्हीकडचा बघा, जुना पत्ता राहिला असेल तर दुरुस्त करा. आणि बऱ्याच जणांना माहीतच नसतं, भारतीय पासपोर्टवरसुद्धा इथे मतदार यादीत नाव घालता येतं कारण आपण कॉमनवेल्थचे नागरिक, आणि त्या यादीतलं नाव पत्ता पडताळायला लेंडरच्या कामाला येतं. फुकट आहे, ऑनलाइन होतं. अ‍ॅप्लिकेशन गेल्यापासून चावी मिळेपर्यंत नवीन कार, नवीन क्रेडिट कार्ड, हप्त्यावर सोफा, काहीही नको. नोकरी बदलायची असेल तर आधी ब्रोकरशी बोला.

रेटबद्दल एवढंच, की दोन वर्षं की पाच वर्षं फिक्स यावर व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही वाद घाला, तुम्ही त्या घरात किती राहणार आणि मधे फेडलं तर अर्ली रिपेमेंट चार्ज किती यावर ते ठरतं. प्रॉडक्ट फी (त्या डीलसाठी लेंडर घेतो ती) कर्जात टाकली तर तिच्यावरही वर्षानुवर्षं व्याज जातं, तेव्हा कमी रेटवाल्या डीलमध्ये फी धरून एकूण किती जातात ते मोजा.

आता मुख्य गोष्ट, स्टँप ड्यूटी. एप्रिल २०२५ पासूनचे दर असे, पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, पुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. फर्स्ट टाइम बायरला ३ लाखांपर्यंत शून्य आणि ३ ते ५ लाखांमधल्या भागावर ५ टक्के, घर ५ लाखांच्या वर गेलं की ही सवलतच नाही. पण फर्स्ट टाइम बायर म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं घर नव्हे, जगात कुठेही कधीही घर नसलेला माणूस. बाबांनी पुण्याच्या फ्लॅटला तुमचं नाव जोडलं होतं, किंवा आजोबांच्या सांगलीच्या घरात वारसाने हिस्सा आला, तर तुम्ही फर्स्ट टाइम बायर नाही. जोडीने घेताय तर दोघंही पाहिजेत, एक जरी गळला तरी सवलत गेली. त्याच्या पुढचं आणखी महाग, तो भारतातला फ्लॅट अजून तुमच्याकडे असेल आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा वर असेल, तर साधारणपणे इथलं घर अ‍ॅडिशनल प्रॉपर्टी धरून पूर्ण किमतीवर ५ टक्के सरचार्ज लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापर्यंत तो ३ टक्के होता. आकड्यात सांगते, ४ लाखांचं घर असेल तर फर्स्ट टाइम बायरला ५,०००, नुसता साधा दर लागला तर १०,०००, आणि सरचार्जसकट ३०,००० पौंड. हा पंचवीस हजारांचा फरक शेवटच्या आठवड्यात कळला तर डिपॉझिटच उडतं. नवऱ्याच्या नावावर फ्लॅट आहे म्हणून इथलं घर एकट्या बायकोच्या नावावर घेऊ, ही आयडिया सगळ्यांना सुचते आणि चालत नाही, एकत्र राहणारे नवराबायको सरचार्जसाठी एकच धरले जातात. नुसती शेतजमीन सातबाऱ्यावर असेल तर ते घर नव्हे, पण शेतावर घर असेल, वाड्यात हिस्सा असेल, नुकतं वारसाने आलं असेल, तर स्वतः अर्थ लावत बसू नका, सॉलिसिटरला पहिल्याच मेलमध्ये सगळं लिहा आणि उत्तर लेखी घ्या. मागच्या बारा महिन्यांत तुम्ही यूकेमध्ये १८३ दिवसांपेक्षा कमी राहिला असाल तर आणखी २ टक्के, तेही विसरू नका.

पैशांचा माग. सॉलिसिटर मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे विचारतो, त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही. इथल्या पगारातून साठवले असतील तर सेव्हिंग्जचे स्टेटमेंट पुरतात. आईबाबा देणार असतील तर ही भेट आहे, कर्ज नाही, घरात आमचा हक्क नाही, असं सहीचं पत्र, त्यांचे पासपोर्ट आणि त्यांचे स्टेटमेंट, आणि त्यांच्याकडे पैसे कुठून आले तेही. एफडी मोडली तर तिची पावती, फ्लॅट विकला तर खरेदीखत, आणि खरेदीखत मराठीत असेल तर सर्टिफाइड भाषांतर लागू शकतं, त्याला वेळ धरा. भिशीचे पैसे, लग्नात आलेला कॅश आहेर, सोनं विकून पावती न घेतलेले पैसे, यांचा माग दाखवता येत नाही, तेव्हा ते या व्यवहारापासून लांबच ठेवलेले बरे.

भारतातून पैसे यायला बँकेचा वेळ जातो. तिथे राहणाऱ्या माणसाला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला टॅक्स) कापते. तो टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, पण आज हातातून जातो, आणि सत्तरीतल्या बाबांना हे फोनवर समजावायला एक संध्याकाळ ठेवा. आई आणि बाबांनी आपापल्या खात्यातले पैसे आपापल्या पॅनवर पाठवले तर दोघांची मर्यादा वेगळी. मार्च-एप्रिल जवळ असेल तर दोन वर्षांत विभागून पाठवता येतात. तुमचे स्वतःचे एनआरई खात्यातले (परदेशातली कमाई ठेवायचं खातं) पैसे सरळ येतात, एनआरओमधले (भारतातल्या उत्पन्नाचं खातं) आणायचे तर बँक टॅक्सचे फॉर्म आणि सीएचं सर्टिफिकेट मागते. एकाच मार्गाने, बँकेतून बँकेत, तुमच्या खात्यात आणा. मित्राच्या खात्यातून फिरवून आणलेत की प्रश्न दुप्पट.

सर्व्हे स्वतःचा करा, लेंडरचं व्हॅल्युएशन त्याच्यासाठी असतं, तुमच्यासाठी नाही. साध्या अलीकडच्या घराला लेव्हल २ सर्व्हे, जुन्या व्हिक्टोरियन टेरेसला जास्त सखोल लेव्हल ३. व्हॅल्युएशन कमी आलं तर किंमत कमी करायला सांगा, किंवा फरक खिशातून, किंवा लेंडर बदला. फ्लॅट असेल तर लीजची किती वर्षं उरलीत ते पहिल्या दिवशी विचारा, ८० च्या जवळ आली असतील तर वाढवायचा खर्च कोण देणार ते आत्ताच ठरवा. सर्व्हिस चार्जचे मागचे तीन वर्षांचे हिशोब, मोठं काम येऊ घातलंय का, उंच बिल्डिंग असेल तर बाहेरच्या क्लॅडिंगचं ईडब्ल्यूएस१ (आगीच्या सुरक्षिततेचा फॉर्म) आहे का, हेही.

एक्सचेंजला साधारण १० टक्के डिपॉझिट भरावं लागतं, कमीवर बोलणी होतात पण आधी. बिल्डिंग इन्शुरन्स एक्सचेंजच्या दिवसापासून चालू पाहिजे, चावीच्या दिवसापासून नव्हे. भाड्याच्या घराची नोटीस एक्सचेंज झाल्यावरच, एजंट कितीही म्हणाला "झालंच समजा" तरी. सॉलिसिटरचा अकाउंट नंबर सुरुवातीलाच घेऊन ठेवा, आणि मधे "आमचा अकाउंट बदलला" असा मेल आला तर पैसे पाठवायचे नाहीत, आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, कारण नेमके अशाच वेळी फसवणारे मेल येतात. तुमच्या बँकेची दिवसाची ट्रान्सफर लिमिट बघा आणि कम्प्लीशनचे (व्यवहार पूर्ण होऊन चावी मिळण्याच्या दिवसाचे) पैसे एक दिवस आधी पाठवा. शुक्रवार टाळता आला तर टाळा, पैसे अडकले तर पुढे वीकेंड आणि तुम्ही व्हॅनसकट रस्त्यावर.

दोघांच्या नावावर असेल तर जॉइंट टेनंट्स (पूर्ण घर दोघांचं मिळून) की टेनंट्स इन कॉमन (प्रत्येकाचा वेगळा हिस्सा) हे सहीच्या आधी ठरवा, कोणी जास्त पैसे घातले असतील तर डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कोणाचा किती हिस्सा ते लिहिलेला कागद) करा. स्टँप ड्यूटीचं रिटर्न आणि पैसे कम्प्लीशनपासून १४ दिवसांत जावे लागतात, ते सॉलिसिटर करतो, तुम्ही फक्त त्याने पाठवलेलं सर्टिफिकेट मागून घ्या, आणि लँड रजिस्ट्रीची नोंद झाली की त्यावरचं तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा.