आयरिश नावं देवनागरीत लिहिताना

मुंबईत सबटायटल्स, डबिंगच्या संहिता किंवा बातम्या लिहिताना आयरिश नाव आलं की सर्वांत जास्त घोटाळा ‘एच’ करतो. रोमन लिपीत मराठी वाचायची सवय असल्याने बीएच दिसलं की हात आपोआप भ लिहितो, डीएच दिसलं की ध. पण गेलिकमधला, म्हणजे आयरिश भाषेतला, हा एच महाप्राण नाही. आधीचं व्यंजन सौम्य झाल्याची ती खूण आहे. जुन्या गेलिक लिपीत त्याऐवजी अक्षराच्या डोक्यावर टिंब देत. विसाव्या शतकात रोमन टाइप रुळला आणि टिंबाच्या जागी एच आला.

लिहिण्याआधी ठरवा: उच्चार आयरिश भाषेतला हवा की इंग्रजी बोलणाऱ्या आयरिश माणसाचा? हयात व्यक्ती स्वतः सांगेल तो उच्चार प्रमाण. अभिनेत्री रोनन आपलं नाव ‘सर्शा’ असं सांगते, तेच लिहा. एरवी त्या नावाला ‘सीर्शा’ चालतं.

आता जोड्या. बीएच आणि एमएच म्हणजे व: शिवॉन (सिओभान नव्हे), नीव (नियाम्ह नव्हे). प्रांतानुसार हा आवाज इंग्रजी व्ही किंवा डब्ल्यूकडे झुकतो. आपला व दोन्ही सांभाळतो, त्यामुळे व्ह करायची गरज नाही. ‘ए’नंतर शब्दाच्या मध्ये एमएच आलं तर मात्र बहुधा ‘आउ’ होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीचा आयरिश सण ‘साउन’, सॅमहेन नव्हे. टीएच आणि एसएच म्हणजे ह, पीएच म्हणजे फ, एफएच बहुतेकदा मूक. सीएचसाठी ख लिहा, पण डबिंगच्या कलाकाराला उर्दू ‘खबर’मधला घर्षक ख सांगा.

एसचा उच्चार शेजारचा स्वर ठरवतो. ई किंवा आय असेल तर श; ए, ओ, यू असेल तर स. म्हणून शॉन आणि शिनेड, पण सोरखा. ‘शॉन’च्या स्पेलिंगमधला ई फक्त हे सांगण्यासाठीच आहे, त्याचा वेगळा उच्चार करून ‘सीन’ लिहिलं की नाव गेलं.

टी-डी हा मराठीचा हक्काचा प्रांत. रोमन डी दादरलाही तोच, वडाळ्यालाही तोच. फरक देवनागरीच दाखवते. आयरिशमध्ये ए, ओ, यू शेजारचे टी-डी दंत्य असतात: पंतप्रधानपदाचा शब्द ‘तीशख’. इंग्रजी बोलण्यात तोच ‘टीशॉख’. हे पद भूषवलेले लिओ वराडकर मात्र या नियमाबाहेर: त्यांचे वडील मुंबईचे, आडनाव मालवणजवळच्या वराड गावाचं, तिथे ड-च.

र किंवा ल नंतर ब, म, ग आला तर मध्ये हलका अ येतो, फिल्मचं फिलम होतं तसा. म्हणून निळा म्हणजे ‘गोरम’. रफार देऊन ‘गोर्म’ करू नका.