रोज इअरबड्स लावता? मग आवाज न वाढवता ऐकायला शिका

कान तपासायला येणारी तरुण मंडळी मला हमखास विचारतात, "मॅडम, वायरवाले बरे की बिनवायरचे?" कानाच्या दृष्टीने यात काही फरक नाही. आवाज वायरीतून येवो नाहीतर ब्लूटूथने, कानाच्या पडद्यावर आदळतो तो सारखाच. ब्लूटूथच्या लहरींची धास्तीही पुष्कळांना असते. कानाला लावलेल्या फोनच्या मानाने त्या लहरी कितीतरी क्षीण असतात, त्यामुळे त्यांची काळजी सोडा. कानाला इजा होते ती आवाज किती मोठा होता आणि किती वेळ ऐकला, या दोन गोष्टींनी. आणि आवाज मोठा केला जातो तो बहुतेक वेळा गाण्याच्या हौसेने नाही, तर बाहेरच्या गोंगाटावर मात करायला. म्हणून रोज बड्स वापरणाऱ्याने आवाज न वाढवता नीट ऐकू कसं येईल, एवढं आधी शिकून घ्यावं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. रोज कल्याणहून दादरला येते आणि बड्स मीही वापरते. गर्दीत वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकायची, ते संपलं. पोळ्या लाटताना आईशी बोलता येतं, हात मोकळे राहतात. वयस्कर माणसांना फोन एका कानाला लावून नीट कळत नाही, तोच दोन्ही कानांनी ऐकला की कळतो, हा फायदा तर मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे "फेकून द्या ते" असं मी कुणाला सांगत नाही.

आवाज घरी ठरवा, गाडीत नाही

आवाजाने होणारी इजा सुरुवातीला जाणवतच नाही. तपासणीच्या खोलीत मी वेगवेगळे सूर ऐकवते, ऐकू आला की समोरच्याने बटण दाबायचं. ग्राफवर रेघ सरळ चालते आणि 4000 हर्ट्झच्या आसपास खाली खचते. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे. त्या माणसाला वाटत असतं, मला सगळं ऐकू येतं. ऐकू येतंच, पण स, श, फ अशी बारीक सुराची व्यंजनं निसटायला लागतात. शांत खोलीत चालून जातं, लग्नाच्या हॉलमध्ये मात्र कुणी "साठ" म्हणालं तर "आठ" ऐकू येतं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आहे 80 डेसिबलला (आवाज किती मोठा, याचं हे माप) आठवड्याचे 40 तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला 5. शंभर डेसिबलला आठवड्याचा सगळा कोटा साधारण 20 मिनिटांत संपतो, आणि पूर्ण आवाजावर बरेच बड्स तिथपर्यंत सहज जातात. आता कल्याण-दादरचा हिशोब करा. जाऊन-येऊन दोनेक तास, आठवड्याचे झाले दहा. म्हणजे 86 ला ऐकलं तर नुसत्या प्रवासातच कोटा भरला. ऑफिसच्या मीटिंगा आणि रात्रीची वेबसिरीज यांच्यासाठी काही उरलं नाही.

"साठ टक्क्यांवर ठेवा" असं सगळीकडे सांगतात. ते ढोबळ आहे, कारण एका कंपनीचे साठ टक्के दुसऱ्या कंपनीचे ऐंशी असू शकतात. मी वेगळं सांगते. घरी दार लावून, पंखा बंद करून बसा. आवाज अगदी शून्यावर न्या आणि हळूहळू वाढवत शब्द नीट कळतील तिथे थांबा. आवाजाची पट्टी कुठे आली ते लक्षात ठेवा. बाहेर गेल्यावर त्यापुढे एखाद-दुसरी पायरी चालेल, जास्त नाही. तेवढ्यात गाडीत ऐकू येत नसेल तर आवाज पुरत नाही असं नव्हे, बड कानात नीट बसलेला नाही.

आयफोनवर सेटिंगमध्ये 'हेडफोन सेफ्टी' आहे, तिथे कमाल डेसिबल ठरवून टाकता येतात. सॅमसंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' आहे आणि त्याला पिनही लावता येतो. मुलांच्या हातात फोन जात असेल तर ही मर्यादा आजच लावा. मुलांसाठी मर्यादा 75 डेसिबलची आहे, आणि आपल्याला बरा वाटणारा आवाज त्यांना जास्त होतो.

बड नीट बसला की अर्धं काम झालं

बड्सच्या खोक्यात रबराच्या लहान-मोठ्या टोप्या येतात. बहुतेक लोक लावून आलेली टोपी तशीच ठेवतात आणि बाकीच्या खोक्यासकट कपाटात जातात. त्या शोधून काढा. टोपी सैल असली की आधी गाण्यातला तबल्याचा डग्गा गायब होतो, मग माणूस आवाज वाढवतो. विरुद्ध बाजूच्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बड आत ठेवा, किंचित फिरवा, कान सोडा. आता स्वतःशी बोला. आपलाच आवाज डोक्यात घुमला तर टोपी बरोबर बसली. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळ्या मापाची टोपी लागू शकते, त्यात काही विचित्र नाही. दुखलं किंवा सतत दाब वाटला तर एक माप खाली या.

नॉइज कॅन्सलेशन असलेले बड्स परवडत असतील तर रोजच्या प्रवासासाठी ते घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीची घरघर, पंखा, एसी असा सलग, खालच्या सुराचा आवाज ते चांगला खातात. त्यामुळे आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. फेरीवाल्याची हाक किंवा बाळाचं रडणं त्यांना तितकं जमत नाही. काहींना ते चालू केल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात, गरगरतं. तसं झालं तर बंद ठेवा.

लॅपटॉपवर मीटिंग असेल तर एक सेटिंग बदला. बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलसाठीच्या जोडणीवर जातं आणि पुष्कळदा समोरच्याचा आवाज चपटा, गढूळ येतो. मग आपण तो वाढवत बसतो. माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला तेवढे बड्स. आवाज लगेच स्वच्छ होतो. ऑनलाइन गाणं किंवा तबला शिकणाऱ्यांनी मात्र त्या वेळेपुरती वायरच लावावी. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तेवढ्यात सम चुकते.

पावसाळा आणि मळ

जून ते सप्टेंबर मला बड्सची जास्त काळजी वाटते, विशेषतः मुंबई-कोकणातल्यांची. दमट हवा, घाम, त्यात कानाला तासन्‌तास बूच. कानात बुरशी धरायला याहून अनुकूल काही नको. आधी खाज सुटते, मग दडा बसतो, मग पाणी येतं. आंघोळ करून लगेच ओल्या कानात बड घालू नका. बाहेरचा कान टॉवेलने टिपा, थोडा वेळ जाऊ द्या. तासाभराने दहा मिनिटं दोन्ही बड काढून कान मोकळे ठेवा. एकाच कानात लावायची सवय असेल तर कान बदलत राहा.

टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. बडची जाळी खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने झटका. जाळीत सुई घालू नका, तिथे पाणी किंवा सॅनिटायझरही नको. एका बाजूचा आवाज कमी झाला म्हणून लोक नवे बड्स घेतात, आणि जाळीत नुसता मळ अडकलेला असतो.

कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो, बड त्याला आत ढकलतो. तो काढायला काडी, सेफ्टी पिन, कापसाचा बड, काहीही घालू नका. गरम तेलही नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं, आणि भोक आहे हे बाहेरून कळत नाही. कान वाहत असेल तर बड्स पूर्ण बंद. आपले बड्स दुसऱ्याला देऊ नका, अगदी सख्ख्या भावालाही.

रस्त्यावर माझा नियम कडक आहे. रूळ, फलाट, रस्ता, दुचाकी, इथे दोन्ही बड डबीत. "एकच लावलाय" म्हणून भागत नाही. हॉर्न कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांत पोचलेल्या आवाजातल्या फरकावरून ओळखतो. एक कान बंद असला की हॉर्न ऐकू येतो, दिशा कळत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. बडमधली बॅटरी इवलीशी असते, रोज वापरली तर दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि सहसा बदलता येत नाही. महागडे घेताना हे धरूनच पैसे घाला. डबी उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, भिजली तर वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. निकामी झालेले बड्स ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

हल्ली "बड्सच श्रवणयंत्राचं काम करतात ना?" असंही विचारतात. सप्टेंबर 2024 मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो या बड्सच्या अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली, हे खरं आहे. पण ती 18 वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. आई-बाबांना कमी ऐकू येत असेल तर आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. कारण नुसता मळही असू शकतो.

बड्स काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, दडा बसला किंवा समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी आवाज जास्त झाला होता. दुसऱ्या दिवशी कानांना पूर्ण विश्रांती द्या. असं वारंवार होत असेल तर तपासून घ्या. आणि एका कानाने अचानक, काही तासांत ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून घरी थांबू नका. शक्यतो त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त उपयोगी पडतात.