ओल्या धावपट्टीवरून पुढे घसरलेल्या विमानाचा तपास कसा करावा

पावसात उतरलेले प्रवासी विमान धावपट्टीचे टोक ओलांडून चिखलात रुतले, तर जखमींची सुटका झाल्यावर तपासकाने आधी धावपट्टीवरून मागे चालत जावे. विमान उद्याही तिथेच असेल, पाणी मात्र तासाभरात ओसरते. भारतात असा तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. इंदूरमध्ये हे शास्त्र शिकू पाहणाऱ्या आपल्या मराठी मुलांना त्याची रीत कळावी, म्हणून हे लिहीत आहे.

पाणी कुठे, किती मिलिमीटर साचले आहे, ते मोजून लगेच छायाचित्रे घ्यावीत. मग चाकांच्या खुणा पाहाव्यात. काळा पट्टा दिसला, तर रबर पृष्ठभागावर घासले गेले आहे. पांढुरका, धुतल्यासारखा पट्टा दिसला, तर थांबावे: चाक जाम होऊन घसरत असताना खालच्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पृष्ठभाग स्वच्छ करत जाते. मग त्याच चाकाचा टायर फिरवून पाहावा. एकाच जागी लांबट गोल, चिकट, भाजल्यासारखा डाग सापडला, तर दोन्ही पुरावे जुळतात.

पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजण्याची वाळूची चाचणी घराजवळच्या रहदारी नसलेल्या, कोरड्या डांबरी रस्त्यावरही करता येते. २५ घन सेंटिमीटर बारीक कोरडी वाळू ओतून सपाट चकतीने गोल पसरावी, खळगे भरून ती आणखी पसरेनाशी झाली की व्यास मोजावा. व्यास सुमारे १८ सेंटिमीटर आला, तर सरासरी खोली जवळजवळ १ मिलिमीटर भरते. वर्तुळ जितके मोठे, तितका पृष्ठभाग गुळगुळीत आणि पाण्याला निसटायला जागा कमी.

चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेगही काढावा. टायरमधील दाब पीएसआयमध्ये, म्हणजे पौंड प्रति चौरस इंचात, मोजून त्याचे वर्गमूळ घेऊन, चाक फिरत असेल तर ९ ने आणि अजून फिरू लागले नसेल तर ७.७ ने गुणावे. दाब १९६ पीएसआय असेल, तर उत्तर अनुक्रमे १२६ आणि सुमारे १०८ नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, येते. हा अंदाज आहे, निकाल नव्हे.

यानंतर फ्लाइट डेटा रेकॉर्डर, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी ठेवणारे यंत्र, त्यावरून चाके नेमकी कुठे टेकली, पाठीमागून वारा किती होता, स्पॉइलर (पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या), ब्रेक आणि रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवणारी यंत्रणा) कोणत्या सेकंदाला लागले, हे एका आलेखावर मांडावे. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला ८,८५८ फुटांच्या ओल्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकले. म्हणजे निम्मी धावपट्टी हवेतच सरली होती. त्या दुर्घटनेत २१ जणांचा जीव गेला.

प्रवाशांशी त्यांच्याच भाषेत बोलावे. “काकू, पाणी उडताना दिसलं ना?” असे विचारले, तर काकू हो म्हणतील. “चाकं टेकल्यापासून काय काय ऐकू आलं, ते सांगा,” एवढेच म्हणावे आणि मध्ये बोलू नये.

पाण्यावर खापर फोडण्याची घाईही करू नये. १७ जुलै २००७ रोजी ब्राझीलमधील साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर १९९ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा लोकांनी आधी पाणी निचरण्याच्या खाचा नसलेल्या ओल्या धावपट्टीकडे बोट दाखवले. रेकॉर्डरवर मात्र एका इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे जोर ठरवणारी दांडी, विमान उतरल्यावरही चढाईच्या स्थितीतच राहिल्याची नोंद होती.