सप्टेंबर लागला, उमाथुंगाचं बी टाका

महाराष्ट्रात पाऊस परतीला लागतो तेव्हा इथे दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नातालमध्ये वसंत उघडतो आणि जमिनीतले उमाथुंगाचे कांदे कोंब काढू लागतात. या भागात शेती किंवा परसबाग करणाऱ्या मराठी मंडळींनी लागवडीसाठी हाच महिना धरावा.

उमाथुंगा ही इथली कांद्यापासून वाढणारी औषधी वनस्पती; शास्त्रीय नाव युकोमिस ऑटमनॅलिस. जमिनीलगत पसरलेली, नागमोडी कडांची रुंद पानं, मधून वर आलेला हिरवट-पांढऱ्या फुलांचा दांडा आणि त्याच्या टोकाला अननसासारखा पानांचा तुरा. इथल्या झुलू भाषेत ‘थुंगा’ म्हणजे शिवणं. मोडलेलं हाड सांधावं म्हणून जो कांदा देतात, त्याला हे नाव शोभतंच. इथले वैदू, म्हणजे इन्यांगा, कांदा पाण्यात किंवा दुधात उकळून त्याचा बस्ती देतात; कंबरदुखी, ताप, पोटातला वारा, लघवीच्या तक्रारी यांवरही तोच. सूज कमी करणारा गुण त्यात असल्याचं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं आहे.

पण औषधाला अख्खा कांदाच लागतो, आणि कांदा उपटला की झाड संपलं. डर्बनच्या वॉरविक बाजारात मुती, म्हणजे झाडपाल्याची औषधं, विकणाऱ्यांपुढे कांद्यांचे ढीग असतात. त्यातले बहुतेक माळरानातून खणून आणलेले. आपल्याकडे कळलावीचे कंद रानातून असेच ओरबाडले गेले. म्हणून कळकळीनं सांगतो, माळावर कुदळ मारू नका, घरी वाढवा. डर्बन महापालिकेची सिल्व्हरग्लेनची रोपवाटिका औषधी झाडांसाठीच आहे, तिथे आधी चौकशी करा.

काळं चकचकीत बी वाळू आणि कुजलेल्या खताच्या मिश्रणावर पेरून वर पातळ थर द्या. ओल राहू द्या, चिखल नको. फुलावर यायला तीन वर्षं तरी लागतात, तेवढा धीर हवा. तयार कांदा लावायचा असेल तर मान मातीच्या पातळीला ठेवा.

घाई असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत पानांपासून रोपं करावीत. मला हीच पद्धत जास्त आवडते. निरोगी, भरलेलं पान आडवं कापून बोटभर लांबीचे तुकडे करायचे आणि बुडखा खाली ठेवून ओल्या वाळूत रोवायचे. तुकडा उलटा गेला तर मेहनत वाया, म्हणून कापतानाच वरच्या कडेला तिरकस खूण करून ठेवा. काही आठवड्यांनी हलक्या हातानं वाळू सारलीत, की खालच्या कापावर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे कांदे दिसतात. आईचा कांदा जागचा हललेलाही नसतो.

मे महिन्यात पानं पिवळी पडली की पाणी तोडा. थंडीत ओल राहिली तर कांदा आतून कुजतो आणि वरून पत्ताही लागत नाही.

कच्चा कांदा विषारी मानतात. मुलांच्या आणि गुरांच्या वाटेत लावू नका, आणि वाचीव माहितीवर काढा उकळू नका. मात्रा जाणत्या इन्यांगानंच ठरवायची. हाड मोडलं असेल तर आधी दवाखाना गाठा.