घरच्या पार्किंगमध्ये बाईक लिफ्टवर घेताना काय सांभाळायचं

चेन साफ करणं, मागचं चाक काढणं, ब्रेक पॅड बदलणं, ही कामं घरी आरामात होतात आणि करावीत पण, फक्त त्यासाठी चाक जमिनीपासून उचलावं लागतं आणि तिथेच लोक घाई करतात. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, नवीन क्लासिक ३५० तब्बल १९५ किलोची. एवढं वजन एका बाजूला कलंडायला लागलं की हाताने थांबत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. माझं मत सांगतो, लिफ्टवर गाडी शांत उभी असते तेव्हा धोका कमी असतो, तो खरा असतो वर घेताना, खाली सोडताना आणि वर असताना कुणी जाम नटवर जोर लावला तर. म्हणून सगळी काळजी या तीन वेळांसाठी घ्यायची.

पहिलं काम जागेचं. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो, डोळ्याला दिसत नाही पण पॅडॉक स्टँडच्या (मागून दांडा दाबून गाडीचं चाक उचलणारा स्टँड) छोट्या चाकांना बरोबर कळतो. फरशीवर थोडं पाणी ओतून बघा, कुठे पळतंय ते. पेव्हर ब्लॉक असतील तर एखादा ब्लॉक नेमका स्टँडखाली हलतो, अशा वेळी खाली जाड प्लायचा मोठा तुकडा टाकायचा. मातीत किंवा पावसाने भिजलेल्या अंगणात तर करूच नका. आणि पार्किंगमध्ये लहान मुलं खेळत असतील तर काम नंतर करा, प्लीज, कारण बॉल गाडीखाली गेला की मूल मागोमाग येणारच.

आता उचलायचं कशाने. ज्या गाडीला डबल स्टँड आहे तिला चेनच्या कामासाठी वेगळं काही लागत नाही, कंपनीने दिलेला तो स्टँड सगळ्यात भरवशाचा. डबल स्टँड नसेल तर मागच्या चाकासाठी पॅडॉक स्टँड. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या हाताला, बॉबिन (स्टँड अडकवायच्या छोट्या गुंड्या) लावायची सोय असेल तर बॉबिनवालाच घ्या, रबरी कपवाला स्टँड स्विंगआर्मखाली नुसता टेकलेला असतो, त्यामुळे तो सरकू शकतो. तिसरा प्रकार सिझर लिफ्ट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली ठेवून पान्याने फिरवत वर न्यायची. इथे लोक कारच्या डिकीतला जॅक काढून आणतात, तो अजिबात वापरू नका, त्याचं डोकं कारच्या खाचेसाठी बनवलेलं असतं, बाईकखाली ते एका बिंदूवर टेकतं आणि गाडी त्याच्यावर डोलत राहते. विटांचंही तेच, भाजलेली वीट वजनाखाली अचानक फुटते. ठोकळे हवे असतील तर लाकडी घ्या, चांगले रुंद.

सिझर लिफ्ट कुठे लावायची हे मॅन्युअलमध्ये बघा कारण प्रत्येक गाडीचं पोट वेगळं असतं. काहींना इंजिनखालून फ्रेमचे पाइप जातात, तिथे लिफ्ट छान बसते. काहींना खाली फक्त इंजिनचं चेंबर, ऑइलचा ड्रेन नट आणि सायलेन्सरचा बेंड असतो, यातल्या कशावरही वजन द्यायचं नाही. खाली बॅश प्लेट, म्हणजे इंजिनखालची संरक्षक पाटी, असेल तर ती दगड लागू नये म्हणून असते, सगळी गाडी पेलायला असतेच असं नाही, त्यामुळे खात्री नसेल तर ती काढून मगच लिफ्ट लावा.

उचलायच्या आधी, परत सांगतो आधी, जाम नट सैल करून घ्या. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट दोन्ही चाकं जमिनीवर असताना लांब पान्याने अर्धा फेरा सोडवायचा, पूर्ण काढायचा नाही. वर गेल्यावर त्याच नटवर अंगाचा जोर टाकलात तर तो जोर सरळ गाडीला ढकलतो, स्टँडवरून निसटायला तेवढा धक्का पुरे होतो.

पॅडॉकवर घेताना गाडी साइड स्टँडवर, इंजिन बंद, चावी काढलेली. दोन माणसं असतील तर एकाने हँडल धरून गाडी सरळ ठेवायची, दुसऱ्याने मागून स्टँड लावायचा. एकटे असाल तर डाव्या हाताने मागचा ग्रॅबरेल (सीटमागची धरायची दांडी) धरून गाडी सरळ करायची, उजव्या हाताने स्टँडचे आकडे दोन्ही बॉबिनखाली आणायचे, आणि इथे थांबून वाकून दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायच्या. एक बाजू बसली आणि दुसरी हवेत राहिली तर दांडा दाबल्या दाबल्या गाडी आडवी होते. दोन्ही बसलेत दिसलं की मगच दांडा एका दमात, झटका न देता खाली. नवीन असाल तर पहिले काही वेळा एकट्याने करूच नका, शेजारच्या दादाला बोलवा. साइड स्टँड काम संपेपर्यंत उघडाच राहू द्या आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर पट्ट्याने आवळून ठेवा.

सिझर लिफ्ट असेल तर आधी जेमतेम वजन घेईल इतकीच वर करा, गाडी दोन्ही बाजूंना हलक्या हाताने हलवून बघा, एकीकडे झुकतेय वाटलं तर खाली घेऊन जागा बदला. बरोबर वाटली तर पुढे, पण चाक सुटेल एवढंच, जास्त उंच गेली की जास्त डोलते.

चाक काढताना वजनाचा खेळ बदलतो, हे खूप जण विसरतात. डबल स्टँडवर मागचं चाक काढलं की मागचा भार जातो आणि गाडी पुढे झुकते, पुढचं काढायला घेतलं तर पुढून आधार हवाच, म्हणजे इंजिनच्या पुढच्या भागाखाली फ्रेमला लिफ्ट. पुढचा पॅडॉक लावायचा असेल तर मागचा आधी लावा, उतरवताना उलट, पुढचा आधी काढा. नुसत्या पुढच्या पॅडॉकवर आणि साइड स्टँडवर गाडी ठेवू नये.

गॅरेजसारखा हायड्रॉलिक टेबल लिफ्ट कुणी घरी आणला असेल तर पुढचं चाक क्लॅम्पमध्ये, चारही बाजूंनी रॅचेट पट्टे, आणि वर गेल्यावर लॉकचा दांडा घातल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. तेलाचं सील गळालं की टेबल खाली येतं, तो लॉक त्यासाठीच दिलेला असतो.

चेन साफ करताना इंजिन चालू करून गिअर टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा. चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन बसते ते दातेरी चाक) मध्ये कापड गेलं की बोट पण जातं, आणि मग बोट राहत नाही. न्यूट्रल, इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचं. खालच्या चेनला मागच्या स्प्रॉकेटजवळ कापड धरलं असेल तर चाक उलटं फिरवा म्हणजे चेन तुमच्या हाताला दातांपासून लांब नेते. पायात चपला नकोत, बूट घाला, आणि सायलेन्सर पूर्ण गार झाल्याशिवाय खाली वाकू नका.

गाडी कलंडायला लागलीच तर सोडून द्या आणि मागे व्हा. टाकीला पोचा पडला तर काढता येतो, पाय खाली सापडला तर काय करणार!

उतरवताना आधी गाडीखालची हत्यारं, डबे, कापडं बाजूला करा, साइड स्टँड पूर्ण उघडा आहे का पायाने चाचपून बघा, मग एका हाताने गाडी धरून दांडा हळूच वर सोडा, गाडी किंचित डावीकडेच झुकली पाहिजे. एक्सलचा नट चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला. चाक काढलं असेल किंवा पॅड बदलले असतील तर पॅड दाबणारे ब्रेकचे पिस्टन मागे सरकलेले असतात, पहिल्यांदा दाबल्यावर ब्रेक लागणारच नाही, म्हणून गाडी जागेवरून हलवायच्या आधी लिव्हर आणि पेडल कडक लागेपर्यंत पंप करा आणि मग पार्किंगमध्येच चालत ढकलून एकदा ब्रेक मारून बघा.