अळी आधी, मारिया नंतर : वर्गाची तयारी

मारिया सिबिला मेरियन ही अळ्या-फुलपाखरं पाळून त्यांची चित्रं काढणारी सतराव्या शतकातली चित्रकार. तिच्यावरचा हा पाठ श्रावणात ठेवा. तेव्हा कढीपत्त्याला कोवळी पालवी असते आणि अळ्या शोधत हिंडावं लागत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-साडेतीन आठवडे जातात, म्हणून पाठाची तारीख ठरवण्याआधी कुंडी ठरवा. लिंबाचं किंवा ईडलिंबाचं झाडही चालेल. फवारणी झालेली नसली म्हणजे पुरे. एका वर्षी घाईत मी बाजारातली जुडी घातली. शुक्रवारी टुणटुणीत असलेल्या पाचही अळ्या सोमवारी काळ्या पडलेल्या. पहिलीच्या मुलांना ते समजावताना माझा अख्खा तास गेला. तेव्हापासून पाला ओळखीच्या अंगणातलाच.

पानाच्या कडेला खसखशीहून जरा मोठं, पिवळसर गोल अंडं दिसलं तर उत्तम. नाहीतर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी पानावर पडलेलं दिसेल, ते पुसून टाकू नका. तीच लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. हा प्रयोग एकदाच, आणि तुम्हीच करा. केसाळ सुरवंट मात्र वर्गात आणूच नका, खाजेनं पालकसभा भरेल.

बरणी रुंद तोंडाची घ्या, लोणच्याची मोठी असते तशी. तोंडाला मलमल आणि रबर, तळाला वर्तमानपत्र. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवून बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, नाहीतर अळी आत पडून बुडते. एक सुकी काडी तिरपी ठेवा, कोष करायला लागते. लेंड्या रोज झाडायच्या. त्या कामासाठी मुलांत भांडणं होतात, तेव्हा पाळ्यांचा तक्ता आधीच भिंतीवर लावा.

आता चित्राचा कागद. मोठा, जाड, प्रत्येकाला एकच. मेरियनची खरी शिकवण या एका कागदात आहे : झाड, त्यावरची अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू, सगळं एकाच पानावर. त्यामुळे मुलांनी पहिल्या दिवशी फक्त डहाळी काढायची, दुसऱ्या आठवड्यात त्यावर अळी, मग कोष. फुलपाखराची जागा कोरी ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा आणि पेन्सिलीनं हलकी खूणही करून द्या. न सांगितल्यास तिथे सूर्य आणि दोन डोंगर येतात.

अळी कमरेला धागा बांधून काडीला टेकेपर्यंत मी मुलांसमोर मारियाचं नाव काढत नाही. मुलांनी दोन आठवडे स्वतः डोळे ताणून पाहिलेलं असतं, मग गोष्ट नीट बसते. गोष्टीसाठी एवढंच हाताशी ठेवा : मारिया सिबिला मेरियन, जन्म 1647, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. सावत्र वडील फुलांची चित्रं काढत, तिथेच ती शिकली. किडे चिखलातून आपोआप उपजतात, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत. ही 13 वर्षांची मुलगी रेशीमकिडे पाळून रोज पाहत बसली. 1679 मध्ये तिचं अळ्यांचं पुस्तक आलं, 50 चित्रांचं. 1699 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. आजारी पडून 1701 मध्ये परतली आणि 1705 मध्ये 60 चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. पहिल्याच चित्रात अननस आणि त्यावर झुरळं. हे चित्र मोठं छापून न्या, वर्ग हसून लोळतो.

शंकासुराचं एक फूलही खिशात असू द्या. आपल्या कुंपणातलं हे झाड तिनं सुरिनाममध्ये चितारलंय. तिथे तिला अळ्या आणून देणारी, झाडांची माहिती सांगणारी माणसं तिथली मूळ रहिवासी होती किंवा गुलाम केलेली होती. हे मुलांना साध्या शब्दांत सांगा. 'गुलाम म्हणजे?' हा प्रश्न येणारच, उत्तर घरून ठरवून या.

आणखी एक तयारी मनाची. कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखं काहीतरी निघतं. कुणीतरी रडतं. तेव्हा सांगा, मारियाच्या कोषांतूनही असे पाहुणे निघत आणि ती त्यांचीही चित्रं काढे. मुलांनाही कोऱ्या जागेत तेच काढू द्या.

कोष गडद होऊन आतले पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर पोचा, फुलपाखरू बहुधा सकाळीच निघतं. पंख वाळेपर्यंत ते लटकून राहतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. खाली तांबूस थेंब पडतात, ते रक्त नव्हे, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रविवारी निघालंच तर रिकामं कवच काड्यापेटीत कापसावर जपून ठेवा, सोमवारी चित्रासाठी तेच मधे ठेवायचं.