आम्लतेचा शैवालावरचा परिणाम तपासायचाय? आधी पाणी सांभाळा

समुद्री शैवालं टाक्यांमध्ये वाढवणं हे माझं रोजचं काम. नवे विद्यार्थी आले की पहिला प्रश्न ठरलेला: समुद्र आम्लधर्मी होत गेला तर शैवालं मरतील का? यावर मी उलट विचारते, कोणतं शैवाल? प्रयोगाची आखणी तिथूनच सुरू करा.

दोन अगदी भिन्न प्रकृतीची शैवालं निवडा. एक कोरलाइन, खडकावर गुलाबी थर धरणारं. ते आपल्या पेशीभित्तिकांत कॅल्शियम कार्बोनेट साठवतं, तेही भरपूर मॅग्नेशियम असलेलं कॅल्साइट, म्हणजे लवकर विरघळणारा प्रकार. दुसरं उल्वा: पातळ हिरवी पाती, त्यांत असा साठा अजिबात नाही. इटलीत इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आपसूक येत असतात आणि आसपासचं पाणी आम्लधर्मी करतात. तिथला २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की बुडबुड्यांच्या जवळ जाऊ तसं कोरलाइन कमी होत जातं, समुद्री गवत मात्र चांगलं वाढतं. मला कोरलाइनची जास्त काळजी वाटते. प्रवाळांची आणि अनेक गोगलगायींची पिल्लं याच गुलाबी थरावर येऊन बसतात आणि तिथेच मोठी होतात.

आता पाणी. औद्योगिक काळापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (pH, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ८.२ च्या आसपास होता, आज तो ८.१ च्या जवळ आहे. फरक एक दशांशाचा, पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमिक (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्यामुळे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. प्रयोगात एका गटाला साधी हवा द्या, दुसऱ्याला हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळून सामू ७.७ च्या घरात ठेवा. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर शतकाअखेर साधारण तिथे पोचू, असा अंदाज आहे.

सामू उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल टाकण्याचा मोह होतो, कारण ते स्वस्त आणि झटपट. टाकू नका. समुद्रात वायू विरघळतो तेव्हा पाण्यातला एकूण कार्बन वाढतो, बायकार्बोनेट वाढतं, कार्बोनेट घटतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, आहे तशीच राहते. नुसतं आम्ल ओतलं की अल्कलिनिटीच खाली येते. शैवालाला बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड हेच खाद्य. ते समुद्रात वाढतं तेवढं वाढलं नाही, तर तुम्ही तपासताय ती समुद्रातली परिस्थिती उरत नाही.

सामूमापकाचंही तसंच. मापक जुळवून घ्यायला वापरतात ते ४, ७ आणि १० सामूचे नेहमीचे बफर (ठरावीक सामूची द्रावणं) गोड्या पाण्यासाठी ठीक. समुद्राच्या पाण्यात त्यांच्यावर विसंबलात तर वाचन एक दशांशाहून थोडं जास्तच सरकू शकतं, आणि समुद्रात आजवर झालेला सगळा बदलच तेवढा आहे! कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर वापरा, तोही टाकीच्या तापमानाला आणून. जोडीला टायट्रेशनने (मोजून थोडंथोडं आम्ल टाकत) अल्कलिनिटी मोजा. या दोन्हींबरोबर तापमान आणि क्षारता (खारेपणा) नोंदवलीत, की कार्बनचं बाकीचं गणित मांडता येतं.

टाकीत शैवाल थोडं आणि पाणी भरपूर असू द्या. लहान टाकीत मूठभर उल्वा ठेवून दिवे लावा आणि सामूमापकावर लक्ष ठेवा. प्रकाशसंश्लेषण कार्बन ओढून घेतं, आकडा वर चढत जातो. दिवे गेले की श्वसनामुळे तो परत उतरतो. म्हणून दिवे लागण्याच्या जरा आधी आणि भर दुपारी, अशा दोन वेळा मोजा. पाणी हलतं ठेवणंही तितकंच गरजेचं. साचलेल्या पाण्यात शैवालाच्या अंगालगतचा पातळ थर दिवसा चढ्या सामूचा होतो, आणि बाहेरच्या आम्लतेची झळ शैवालापर्यंत नीट पोचत नाही.

प्रत्येक टाकीला वायूची स्वतंत्र नळी द्या. एकाच मोठ्या टाकीतलं पाणी सहा बरण्यांत सोडलंत तर संख्याशास्त्राच्या हिशेबी ते एकच निरीक्षण.

तापमान मात्र सोडू नका. २०११ च्या उष्णतेच्या लाटेत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची केल्पची (मोठ्या तपकिरी शैवालांची) जंगलं सुमारे १०० किलोमीटर मागे हटली, आणि ते घडलं उष्णतेमुळे. म्हणून चार गट करा: आजचा सामू आणि आजचं तापमान, फक्त सामू कमी, फक्त तापमान जास्त, आणि दोन्ही एकत्र. प्रत्येक गटात निदान चार-पाच टाक्या हव्यात. तापमान रोज थोडंथोडं वाढवा. एकदम चढवलंत तर मोजला जाईल तो धक्का.

उल्वाचं मोजमाप सोपं आहे: पाणी टिपून वजन, वरून फोटो काढून क्षेत्रफळ, काही आठवड्यांत उत्तर. कोरलाइनला काही महिने द्यावे लागतात. त्याचं वजन पाण्यात बुडवून घ्या, तराजूखाली दोऱ्याने टांगून. मऊ भागाचं वजन पाण्यात जवळजवळ शून्य होतं, त्यामुळे उरतं ते सांगाड्याचं. वजनाआधी मऊ ब्रशने अंगावरचे बारीक बुडबुडे झाडून टाका. ते तुकड्याला वर उचलतात आणि सांगाडा झिजल्यासारखा वाटतो. दर वेळी पाण्याचं तापमान आणि क्षारता तीच हवी. कडा पांढऱ्या पडताहेत का, तेही लिहून ठेवा.

आणखी एक काम, जे बरेच जण गाळतात: प्रत्येक टाकीत मेलेल्या कोरलाइनचा एक तुकडा ठेवा. त्याचं घटलेलं वजन म्हणजे निव्वळ विरघळणं. जिवंत तुकड्याच्या आकड्याशी ते ताडून पाहिलं, की शैवालानं नवीन सांगाडा बांधणं कमी केलंय की जुनाच झिजतोय, हे वेगळं काढता येतं.

उल्वाच्या गटांत फारसा फरक दिसला नाही, तर प्रयोग फसला असं समजू नका. ती बायकार्बोनेट वापरण्यात आधीच तरबेज आहे. जादा कार्बन डायऑक्साइडचा तिला थोडा फायदाही होऊ शकतो. पण त्यावरून 'आम्लता शैवालांना मानवते' असं अहवालात लिहू नका. जातीचं नाव, सामू, अल्कलिनिटी, तापमान आणि प्रकाश यांसकट लिहा, आणि प्रत्येक टाकीचे आकडे वेगवेगळे द्या.